विद्यापीठाच्या लॉगिनला दुसरं कुलूप: रेंज नसलेल्या गावातही सक्तीच?

सड्यावरची
आमच्या विद्यापीठाचं फर्मान आलंय. महिनाअखेरपर्यंत सगळ्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी खात्याला दुसरी पडताळणी जोडायची, म्हणजे पासवर्डनंतर मोबाईलवरचा कोड टाकायचा. नाही जोडली तर परीक्षेचा फॉर्म उघडणार नाही. मी राजापूर तालुक्यात शिकवते आणि माझा या सक्तीला विरोध आहे.

परवा तिसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या घरी लॉगिन करायला आली. वायफाय माझं, फोन तिचा. पासवर्ड टाकला आणि एसएमएससाठी पोरगी फोन घेऊन सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, धावली. तिथे जांभ्याच्या एका चिऱ्यावर उभं राहिलं की दोन दांड्या येतात. ती वरून आकडे ओरडतेय, मी खाली टाईप करतेय, पाचवा आकडा वाऱ्याबरोबर गेला. तीनदा चुकल्यावर खातं अर्धा तास बंद. हे मे महिन्यात झालं. जुलैत विजा कडाडत असताना कोणाला पाठवू वर?

चार्जर_विसरलो
मॅडम, ओटीपी कोणाला सांगू नका म्हणून बँका घसा कोरडा करतात आणि तुम्ही तो अख्ख्या वाडीला ऐकवलात!

पण एसएमएसच घ्या असं कोणी सांगितलं? ऑथेंटिकेटर ॲप घ्या. सुरुवातीला क्यूआर एकदा स्कॅन केला की गुप्त किल्ली फोनमध्ये बसते. पुढे ती किल्ली आणि फोनचं घड्याळ यांवरून फोन स्वतःच दर 30 सेकंदांनी 6 आकडी कोड काढतो. रेंज नको, सिमसुद्धा नको. घड्याळ तेवढं बरोबर हवं. 2011 पासून हे जाहीर मानक आहे, कोणा एका कंपनीचं खूळ नव्हे.

मी एका कॉलेजच्या संगणक विभागात आहे. गेल्या वर्षी एका मुलाचा पासवर्ड म्हणजे त्याची जन्मतारीख. कोणीतरी, बहुधा वर्गातल्याच कोणी, आत शिरून त्याचे विषय बदलले. दुसऱ्या एका चोरलेल्या खात्यावरून 'शिष्यवृत्ती मंजूर, बँकेचा तपशील भरा' असे मेल गेले. विद्यापीठाच्याच पत्त्यावरून आलेला मेल, पोरं भरणारच. नुसत्या पासवर्डवर आता भागत नाही.

खाडीपलीकडे
माका एक सांगा, फोन खाडयेत पडलो तर काय करूचा?

थट्टा नाही करत. आमच्या घरात स्मार्टफोन एकच. दादा मालवणहून ट्रॉलरवर जाताना तो घेऊन जातो, आठ-आठ दिवस. बहीण इथे फॉर्म भरणार आणि कोड अरबी समुद्रात. एसएमएसचंही तेच. रिचार्ज संपला की काही दिवसांनी मेसेज येणं बंद, आणि नंबर कायमचा बंद पडला तर 90 दिवसांनंतर तो दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. मग बहिणीचे कोड त्याच्याकडे.

चार्जर_विसरलो
म्हणूनच बॅकअप कोड असतात, फोन हाताशी नसेल तेव्हा टाकायचे राखीव कोड. एक कोड एकदाच चालतो. जोडणी करतानाच छापून घ्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. आणि तोच क्यूआर त्याच वेळी आईच्या किंवा शेजारच्या काकूंच्या फोनवरही स्कॅन करता येतो, दोन्हीकडे एकच कोड दिसतो. पासवर्ड मात्र काकूंना सांगायचा नाही.

निवृत्त_हेडक्लार्क
रेशनकार्डाच्या पिशवीचं मला सांगू नका. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा रेशनकार्ड, सातबारे, मुलाची गुणपत्रकं, सगळ्याचा लगदा मी दोन्ही हातांनी पिळून टाकलाय.

कुलूप लावा, माझी ना नाही. पण किल्ली हरवल्यावर जायचं कुठे? परिपत्रकाच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय, 'अडचण आल्यास विद्यापीठाच्या ईमेलवरून संपर्क साधावा.' अहो, तेच तर खातं बंद पडलंय! पोरांनी एसटी पकडून मुख्यालयाला जायचं काय? प्रत्येक कॉलेजच्या ऑफिसात ओळखपत्र बघून खातं खोलून द्यायचा अधिकार द्या. आम्ही दाखले देतो, मग हे का नाही?

चार्जर_विसरलो
काका, इथे मात्र तुमच्याशी माझं पटत नाही. चोर कुलूप फोडत बसत नाही, तो ऑफिसात फोन करून 'साहेब, फोन हरवला हो' म्हणतो. आणि आपल्याकडे कोण ओळखीचं नसतं? 'अमक्याचा भाचा' म्हटलं की ऑफिसवाले खातं खोलून देणार.

निवृत्त_हेडक्लार्क
फोनवर कोण म्हणतंय? समोर उभा राहील त्यालाच, रजिस्टरात सही घेऊन. भाचा असेल तर चेहरा माहीत असतोच. तुमच्या मुख्यालयातल्याला तो माहीत असतो का?

सड्यावरची
काकांना माझं मत. चार्जर, ॲपची गोष्ट मला खरंच माहीत नव्हती. काल त्या मुलीच्या आणि तिच्या आईच्या, दोघींच्या फोनवर ॲप बसवलं. दोन्हीकडे एकच कोड पाहून आईला कोण गंमत वाटली! सुरक्षेचं बोलणं मागे घेते, मुदतीचं घेत नाही. परिपत्रकात फक्त एसएमएसची चित्रं आहेत, ॲपचा पर्याय शोधायला मला तीन पानं खाली जावं लागलं. प्राचार्यांना पत्र लिहितेय: महिनाभराची मुदतवाढ आणि ऑफिसात रजिस्टर. सोमवारी लायब्ररीत सगळ्यांची जोडणी करून देऊ. प्रिंटरची शाई संपलीय, बॅकअप कोड हातानेच उतरवायचे, बॉलपेननं.

खाडीपलीकडे, बहिणीला फोन घेऊन पाठवा. दादा कधी येतोय?

खाडीपलीकडे
शुक्रवारी येतलो. वारो बरो असलो तर.