मानववंशशास्त्राची पदवी : गप्पा ऐकल्याचे प्रमाणपत्र?

पायवाट

‘मानववंशशास्त्राची पदवी म्हणजे लोकांच्या गप्पा ऐकल्याचे प्रमाणपत्र; ज्यांना गणित झेपत नाही आणि कायदा पाठ होत नाही, त्यांनी हा विषय घ्यावा,’ असे या चर्चामंचावरचे सदस्य हिशोबनीस यांनी काल प्रवेशाविषयीच्या चर्चेत जाता जाता लिहिले आणि त्यावर बऱ्याच जणांनी हसून माना डोलावल्या. माणूस आणि त्याचे समाज यांचा अभ्यास करणारा हा विषय मी शिकले आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन माझे समाधान होणार नाही.

गप्पांपासूनच सुरुवात करू. झेरॉक्स कंपनीची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ १९८०च्या दशकात हिंडले. तंत्रज्ञाने माहितीपुस्तिका उघडावी, तीत दिलेल्या पायऱ्या क्रमाने पार पाडाव्यात आणि यंत्र चालू व्हावे, अशी कंपनीची कल्पना होती. ऑर यांना दिसले ते असे की पुस्तिकेत न बसणारा बिघाड समोर आला, की ही मंडळी एकत्र जेवताना एकमेकांना जुन्या बिघाडांच्या गोष्टी सांगत, आणि त्या गोष्टींतूनच दुरुस्तीची वाट सापडे. ज्याला बाहेरचा माणूस वेळेचा अपव्यय म्हणेल, तेच त्यांचे ज्ञानभांडार होते.

आता माझे सांगते. पदवीनंतर मी दीर्घ आजारांच्या रुग्णांविषयीच्या एका अभ्यासात काम केले. प्रश्नावलीत बहुतेकांनी ‘औषध नियमित घेतो’ या उत्तरावर खूण केली होती आणि तरीही त्यांच्यापैकी अनेकांचा आजार आटोक्यात येत नव्हता. मी काही महिने त्यांच्या घरी जाऊन बसले. रात्रपाळीत वाहन चालवणारे एक गृहस्थ रोज ठरल्या वेळी गोळी मोडून अर्धीच घेत, कारण पूर्ण गोळीने त्यांना गुंगी येई. त्यांच्या दृष्टीने ते नियमितच होते. प्रश्न खोटा नव्हता आणि उत्तरही खोटे नव्हते. ‘नियमित’ हा शब्द मात्र विचारणाऱ्याचा एक आणि सांगणाऱ्याचा दुसरा होता. हे ओळखायला कान तयार व्हावा लागतो आणि माझा तो पदवीने तयार केला.

हिशोबनीस

माझ्या एका वाक्यावर एवढा निबंध लिहिला गेला, याबद्दल आभार. मात्र आपण ‘पदवीनंतर’ असे लिहिले आहे, हे आपल्याच नजरेतून निसटलेले दिसते. पदवी घेताना आपण किती महिने कोणाच्या घरी बसला होता?

माझ्या मुलीने हाच विषय घेतला होता, म्हणून विचारतो. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी १९१५ ते १९१८ या काळात पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिअँड बेटांवर दोन मुक्कामांत मिळून जवळपास दोन वर्षे काढली, लोकांची भाषा आत्मसात केली आणि दुभाष्यावाचून काम केले, हे तिला परीक्षेत तीन वेळा लिहावे लागले. तिचे स्वतःचे क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांत जाऊन करायचा अभ्यास, मात्र दहा दिवसांचे होते, तेही वीस जणांच्या गटात आणि शिक्षकांनी हाती दिलेली छापील प्रश्नावली घेऊन. म्हणजे ज्या प्रश्नावलीची आपण वर टर उडवलीत, तीच. पोहण्याच्या इतिहासात ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली, पाण्यात मात्र तिला कोणी उतरवले नाही. पुढे वर्षभर संख्याशास्त्र शिकल्यावर तिला नोकरी मिळाली.

ऑर यांच्याविषयीही अर्धेच सांगितले गेले आहे. ते मानववंशशास्त्राकडे वळण्याआधी स्वतः तंत्रज्ञ होते. यंत्राच्या गोष्टी त्यांना कळल्या, त्या हात काळे झाले होते म्हणून. आधी एखादे काम शिकावे आणि मग वाटल्यास हा विषय घ्यावा, हे माझेच म्हणणे आपल्या उदाहरणातून सिद्ध होते.

शब्दवेध

दोघांचीही क्षमा मागून एक मूळ मुद्दा मांडतो. ज्या विषयाचे नावच चुकीचे आहे, त्याच्या पदवीची किंमत कशी ठरवणार? ‘अँथ्रोपॉलॉजी’ या नावातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मानव’ एवढाच आहे. त्यात ‘वंश’ कोठून आला? ‘मानवशास्त्र’ हा सुटसुटीत शब्द असताना आपण ‘मानववंशशास्त्र’ म्हणत राहतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की हे माणसांचे वंश पाडण्याचे शास्त्र आहे. मी हा विषय शिकत असताना एक नातेवाईक दर भेटीत आपल्या कार्यालयातील कोणाचे तरी छायाचित्र पुढे करून ‘हा मूळचा कोणत्या वंशाचा, सांग पाहू’ असे विचारीत असत. मी नकार दिला की ‘मग शिकतोस तरी काय?’ हा प्रश्न ठरलेला असे. अर्धा तोटा या नावाने केलेला आहे.

तळटीप

हा आक्षेप मी आजवर अनेकदा वाचला आहे आणि तो दर वेळी अर्ध्या माहितीवर उभा असतो. मराठीत ‘वंश’ म्हणजे केवळ शरीराच्या ठेवणीवरून पाडलेले गट नव्हेत. रघुवंशातला ‘वंश’ आणि वंशावळीतला ‘वंश’ हा कुळाचा, पिढ्यांचा आहे. १८९८ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांमधील टॉरेस सामुद्रधुनीकडे गेलेल्या केंब्रिज विद्यापीठाच्या मोहिमेत संशोधक रिव्हर्स यांनी लोकांच्या वंशावळी नोंदवून घेण्याची पद्धत बसवली आणि कोण कोणाचा कोण, यावरून समाजाची रचना वाचता येते, हे दाखवले. अमेरिकी अभ्यासक मॉर्गन यांचे १८७१ सालचे काम नातेव्यवस्थांवरच आहे. पदवीच्या पहिल्या वर्षी नातेसंबंधांच्या आकृत्यांत पुरुषांसाठी त्रिकोण आणि स्त्रियांसाठी वर्तुळे काढून ज्यांची बोटे दुखली आहेत, त्यांना या नावात काही खुपण्याचे कारण नाही.

शब्दवेध

वंशावळीचा आडोसा चांगला शोधलात. मात्र या विषयाने कित्येक दशके हातात कवटी धरली होती, त्रिकोण आणि वर्तुळे नव्हे, हे आपण जाणता. इरावती कर्वे बर्लिनला जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे गेल्या, तेव्हा त्यांना कोणता विषय मिळाला? कवटीच्या दोन बाजूंतील असमानता आणि तिचा वंशाशी संबंध. कर्वे यांनी मापे घेतली, संबंध आढळला नाही, आणि गुरूला काय रुचेल याची पर्वा न करता त्यांनी तसे लिहिले. ज्या संस्थेत हे घडले, ती पुढे नाझी राजवटीच्या वंशशुद्धीच्या धोरणाची सेवेकरी झाली. हा इतिहास असलेला शब्द पाटीवर मिरवायचा आणि वर रघुवंशाचा दाखला द्यायचा, याला मी पांडित्य म्हणत नाही.

तळटीप

पांडित्याचे प्रमाणपत्र मी आपल्याकडे मागितलेले नाही. आपल्याच उदाहरणाचा शेवट पाहा: वंशाचा सिद्धान्त मोजमापाने पाडला, तो याच विषयातल्या व्यक्तीने. मानववंशशास्त्रज्ञ बोआस यांनी अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची, मिळून सुमारे १८,००० माणसांची मापे घेतली आणि डोक्याचा आकार एका पिढीत बदलू शकतो असे १९११ साली मांडले. म्हणजे ज्याला वंशाची अढळ खूण समजले जात होते, ते परिस्थितीने हलते. नाव बदलले तर विद्यार्थ्याला हा झगडा कधी झाला होता, हेच कळणार नाही. डाग असलेले वस्त्र फेकून देणे सोपे असते. तो कसा पडला, हे मग कोणालाच सांगावे लागत नाही.

हिशोबनीस

बोआस यांच्या त्या आकड्यांची २००२ साली फेरतपासणी झाली आणि परिस्थितीचा परिणाम अगदी किरकोळ असल्याचा निष्कर्ष निघाला, हे सांगायचे राहिले काय? ती तपासणी आकडेमोड येणाऱ्यांनीच केली, एवढेच नम्रपणे नमूद करतो. आणि पदवी घ्यावी की नाही या प्रश्नावरून आपण कवट्यांपर्यंत कसे पोहोचलो, हेही कोणी सांगावे.

तळटीप

२००२ची तपासणी मानववंशशास्त्रज्ञांनी केली. २००३ साली तेच आकडे दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले आणि बोआस यांचे म्हणणे बहुतांशी टिकते, असे दाखवले. नव्वद वर्षांनी पुन्हा मोजता यावे, म्हणून बोआस यांनी ती मापे छापून ठेवली होती. ज्यांना गणित झेपत नाही, ते लोक हेच ना?

माहितीदाता

आपली विद्वत्ता वाचून झाली. आता ज्याचे माप घेतले जाते, त्याचेही थोडे ऐकावे.

मी शाळेत असताना एक संशोधक आमच्या घरी आठ महिने येत होते. आजारी वडिलांची शुश्रूषा घरात कोण करते, असा काहीसा त्यांचा विषय होता. ते सभ्य होते, माझा अभ्यास घेत आणि आई त्यांना घरचाच माणूस समजे. एके दिवशी काम संपले आणि ते गेले. प्रबंध माझ्या हाती पडला तो कितीतरी वर्षांनी, मीच शोधून काढला तेव्हा. त्यात आई ‘माहितीदाता ७’ होती आणि तिच्याविषयी असे लिहिले होते की ती आपला थकवा कर्तव्याच्या भाषेत लपवते. कदाचित ते खरेही असेल. मात्र ते वाक्य ऐकण्याचा पहिला अधिकार आईचा होता, आणि ती तोवर राहिली नव्हती.

पायवाट यांनी गोळी मोडणाऱ्या गृहस्थांची गोष्ट वर मोठ्या अभिमानाने सांगितली आहे. ती येथे सांगितल्याचे त्या गृहस्थांना ठाऊक आहे काय?

पायवाट

नाही. काही खुणा मी बदलल्या आहेत, पण त्यांना विचारले नव्हते, आणि या प्रश्नाला माझ्याजवळ चांगले उत्तर नाही.

एवढे मात्र नोंदवते की ही तक्रार या विषयाला अपरिचित नाही. संशोधनाच्या नावाखाली हेरगिरी करणाऱ्या चार सहकाऱ्यांवर बोआस यांनी १९१९ साली जाहीर टीका केली, तेव्हा अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने हेरांना सोडून बोआस यांचाच निषेध केला. तो ठराव मागे घ्यायला २००५ साल उजाडले. मॅलिनोव्स्की यांची खासगी दैनंदिनी १९६७ साली प्रसिद्ध झाली आणि ज्यांच्यात ते राहिले, त्यांच्याविषयी ते एकांतात किती कडवट लिहीत, हे जगाला दिसले. हे सारे मला वर्गात शिकवले गेले, लपवले गेले नाही. तरीही आपल्या आईच्या बाबतीत त्याचा काय उपयोग झाला, असे आपण विचारलेत तर मी गप्प बसेन.

हिशोबनीस यांना उत्तर: पदवीच्या काळात मी सहा आठवडे क्षेत्रकार्य केले आणि ते अपुरे होते. आपल्या मुलीचे दहा दिवस ही लाजिरवाणी गोष्ट आहे. परंतु त्यावरून विषय फोल ठरत नाही. तो नीट शिकवला गेला नाही, एवढेच ठरते. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी रसायनशास्त्र शिकवले, तर आपण रसायनशास्त्राला नावे ठेवाल काय?

हिशोबनीस

प्रयोगशाळा नाही हे माहीत असूनही शुल्क घेणाऱ्यांना नावे ठेवीन आणि तेच करतो आहे.

असो. काल रात्री मुलीला हे सारे वाचायला दिले. ती माझ्या बाजूने बोलेल, असा माझा समज होता. ती म्हणाली की त्या दहा दिवसांतले तिला एकच आठवते: चौथ्या प्रश्नावर एका वृद्ध बाईंनी ‘हे कळून तुला काय करायचे आहे?’ असे विचारले, तिला उत्तर देता आले नाही, आणि तिने त्या बाईंचा कागद कोरा ठेवून परत आणला. शिक्षकांनी गुण कापले. आज नोकरीत हजारो माणसांचे तक्ते समोर येतात, तेव्हा त्यातल्या रिकाम्या जागा काढून टाकण्याआधी ती थोडी थांबते, असेही तिने सांगितले. संख्याशास्त्राच्या वर्गात ही सवय लागली नसती, असे तिचे मत आहे. माझे मत अजून तसे नाही. कोऱ्या कागदाची किंमत पूर्ण पदवीएवढी लावायला मी तयार नाही. परंतु गणिताविषयीचे कालचे वाक्य मी मागे घेतो. कायद्याविषयीचे ठेवतो.

शब्दवेध

मुलीच्या प्रमाणपत्रावर विषयाचे नाव ‘मानवशास्त्र’ असे आहे की ‘मानववंशशास्त्र’, ते कृपया पाहून कळवावे.