मिस्टर फौजेत, सतत बदल्या – बी.एड. कधी आणि कुठून करावं?

नमस्कार. सल्ला हवा आहे, शक्यतो फौजी घरातल्या ताईंचा.

मी सातारा जिल्ह्यातली, बी.एस्सी. गणित. मिस्टर इन्फन्ट्रीत नायक आहेत. सध्या पठाणकोटला आहोत, मुलगा पहिलीत आहे. युनिट पुढच्या वर्षी फील्डला (जिथं कुटुंब नेता येत नाही) जाणार असं चाललंय. (ऑर्डर नाही, नुसती लंगर-गप, म्हणजे जेवणाच्या रांगेतली अफवा. पण आमच्याकडे ऑर्डरीआधी लंगर-गपच खरी ठरते!)

मला शिक्षिका व्हायचंय. इथल्या एका खासगी शाळेत डेमो दिला, अपूर्णांक शिकवले, मुलं रमली होती. मग मॅडमनी फॉर्मवरचा पत्ता वाचला आणि विचारलं, "फौजी क्वार्टर? और कितने महीने हो यहाँ?" पुढं काय झालं ते सांगायला नको. आता क्वार्टरमध्येच शिकवण्या घेते. नाव-नंबर-रँक रंगवलेली काळी ट्रंक आडवी टाकली की चार मुलांचं टेबल होतं.

अडचण बी.एड.ची. रेग्युलर केलं तर दोन वर्षं एका जागी राहायची खात्री नाही. इग्नूचं (मुक्त विद्यापीठाचं) बी.एड. बघितलं तर आधीच शिक्षकाचं प्रशिक्षण झालेलं हवं म्हणतात. मग ते आमच्यासारख्यांना बंदच का? आणि अर्धं बी.एड. पंजाबात, अर्धं महाराष्ट्रात असं जमतं का? सासूबाई म्हणतात, फील्ड लागलं की गावी ये, शिक्षणाचं नंतर बघू. ते 'नंतर' लग्नापासून चालू आहे.

फौजीण_बेळगाव:
ताई, अर्धं-अर्धं विसरा. बी.एड.ला ८० टक्के हजेरी लागते, इंटर्नशिपला ९० टक्के. मध्येच राज्य बदललं तर बहुतेकदा पहिल्यापासून सुरुवात.

माझं मत जरा उलटं आहे. आपण सगळ्या शिक्षण पीस स्टेशनला (जिथं कुटुंब सोबत राहतं) उरकायला बघतो आणि तिथंच फसतो, कारण पीसमधून कधी हलावं लागेल ते आपल्या हातात नसतं. फील्डच्या काळात मात्र कुटुंब एका जागी राहतं. मी तेव्हाच केलं. एसएफ क्वार्टरसाठी (फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबांना मिळणारं सरकारी घर) अर्ज लगेच टाका, वेटिंग लांब असतं. नाहीच मिळालं तर साताऱ्यात खोली घ्या. गावाहून रोज एसटीनं कॉलेज, वर पोराची शाळा, हे झेपत नाही. सासूबाईंना म्हणावं, गावीच येतेय, फक्त जरा अलीकडे उतरतेय.

महाराष्ट्रात बी.एड.ला राज्याची सीईटी (प्रवेश परीक्षा) आहे. फॉर्म प्रवेशाच्या बरेच महिने आधी निघतो, लंगर-गप खरी ठरायची वाट बघत बसू नका.

खडू_फळा:
आधी ठरवा, कुठल्या वर्गाला शिकवायचंय. ऑगस्ट २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. (आपलं जुनं डी.एड.) लागतं. तुमचं गणित आहे, त्यामुळं सहावी ते दहावी धरून बी.एड. करा असं मी म्हणेन.

इग्नूचं म्हणाल तर दार पूर्ण बंद नाही. डी.एल.एड. कॉलेजात जाऊन केलं असेल तर पुढचं बी.एड. इग्नूतून होतं. पण त्यात एकूण चार वर्षं जातात. प्राथमिकची आवड असेल तरच त्या वाटेला जा.

आणि शिक्षक पात्रता परीक्षा देताना राज्याच्या महाटीईटीपेक्षा केंद्राची सीटीईटी द्या, पेपर दोन (सहावी ते आठवीसाठीचा). महाटीईटी महाराष्ट्रापुरती. सीटीईटी केंद्रीय विद्यालयांत चालते, आणि तिची मुदत २०२१ पासून आजीवन झाली आहे. आर्मी पब्लिक स्कूलसाठी एडब्ल्यूईएसची (या शाळा चालवणारी लष्कराची संस्था) ऑनलाइन स्क्रीनिंग टेस्ट, मग मुलाखत आणि वर्गात शिकवून दाखवणं. तिथं निम्म्या बाया आपल्यासारख्याच, 'किती महिने आहात' हे कुणी तोंड वाकडं करून विचारत नाही.

धागाकर्ती:
दोघींचेही आभार. फील्डच्या काळाचा असा विचारच केला नव्हता. मिस्टरांशी काल फोनवर बोलले (ते फायरिंग रेंजवर आहेत), ते म्हणाले एसएफचा अर्ज युनिट क्लर्ककडे विचारतो.

दोन गोष्टी अजून. सीईटीला पठाणकोटजवळचं केंद्र मिळतं का, की परीक्षेला महाराष्ट्रातच यावं लागतं? आणि साताऱ्यात कॉलेजच्या वेळेत पहिली-दुसरीच्या मुलाला सांभाळणारं कुणी भरवशाचं माहीत असेल तर व्यनि करा.