लेहमध्ये सिगार कोरडे पडतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कामासाठी तीन आठवडे लेहला आलोय. सोबत भावाने हवानाहून आणलेले आठ सिगार आहेत, ह्युमिडॉर (सिगार योग्य ओलाव्यात ठेवायची पेटी) मात्र पुण्याला घरी. इथली हवा भयंकर कोरडी. काल एक सिगार बोटांत हलकेच दाबला तर बाहेरचं पान करकरलं आणि टोकाशी बारीक चीर गेली. फार जीव हळहळला.

सध्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेत, कडेला बाटलीच्या बुचात स्पंजचा ओला तुकडा. आर्द्रता 65 ते 70 टक्के हवी हे ठाऊक आहे, पण मोजायला हायग्रोमीटर नाही. स्पंज जास्त ओला राहिला तर बुरशी धरेल, ही धास्ती. किती पिळून ठेवू? बॅटरीत घालायचं पाणी चालेल का? आणि चिरलेला सिगार वाचेल का? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.