एम.टेक. सिव्हिल: स्ट्रक्चर की जिओटेक? साईटवरून पडलेला प्रश्न

तांबडी_माती (खानापूर तालुका)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात बी.ई. सिव्हिल केलं आणि २०२३ पासून एका कंत्राटदाराकडे साईट इंजिनियर आहे. घरी वीटभट्टी आहे, त्यामुळे मातीत हात लहानपणापासून.

सध्या काम बैलहोंगलच्या बाजूला चालू आहे. सगळी काळी जमीन. मे महिन्यात रानात हात आत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, आणि पाऊस लागल्यावर तीच माती फुगून बुटाला धरून बसायला लागली. आमच्या खानापूरकडं तांबडी माती आणि खाली जांभा. तिथं पाच फुटांवर फुटिंग (खांबाखालचा पाया) टाकलं की पुन्हा कुणी वळून बघत नाही. इथंही तेच पाच फूट चाललंय. ड्रॉइंगवर जमिनीच्या भारक्षमतेचा आकडा लिहिलेला आहे. तो कुठून आला विचारलं तर "नेहमीचाच आहे" एवढंच उत्तर. खालची माती तपासायला बोअर घेतलेलं नाही. शेजारच्या गल्लीत एकमजली घरांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्यात. तिथल्या आजी सांगत होत्या की त्या उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसाळ्यात मिटतात. दरवर्षी गिलावा करतात, दरवर्षी फुटतो.

हे बघितल्यापासून मला पुढं शिकायचंय. पण ज्याला विचारते तो म्हणतो, एम.टेक. करायचं तर स्ट्रक्चर (इमारतींचं डिझाईन) कर, बाकी शाखांना विचारत नाहीत. माझं मन जिओटेककडं, म्हणजे माती आणि पायाच्या शाखेकडं ओढतंय. शिवाय गेट ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी की कर्नाटकची पीजीसीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा बास होईल? घरातून पैशांची ओढाताण आहे. वडील नाही म्हणत नाहीत, पण दोन वर्षं पगार बंद होणार हे त्यांना दिसतंय. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

---

सळई_सेंट्रिंग (बेळगाव)

स्ट्रक्चर घ्या. पुण्यात डिझाईन ऑफिसांत जागा निघतात, जिओटेकच्या त्या मानानं फार कमी. बी.ई.ला गणित बरं असेल तर अवघड नाही. गेट द्याच.

---

मुरूम_आणि_काळी (निपाणी)

तांबडी_माती, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी निपाणीची. जिओटेकमध्ये एम.टेक. केलंय आणि गेली बरीच वर्षं माती तपासणीच्या कामात आहे. जरा सविस्तर लिहिते.

त्या आजींनी जे सांगितलं ते पुस्तकात शिकायला आम्हाला अख्खं सेमिस्टर लागतं. बेसॉल्ट झिजून आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांत जी काळी माती झाली, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे एकमेकांना सैल धरून असतात. पाणी त्यांच्यामध्ये शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आक्रसते. तुमच्या खानापूरच्या पश्चिमेला पाऊस इतका की हजारो वर्षांत सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं आणि जांभा झाला. ती माती अशी फुगत नाही. एकाच जिल्ह्यात दोन पूर्णपणे वेगळ्या जमिनी आहेत आणि आपण दोन्हीकडं एकच ड्रॉइंग नेतो.

आणि भेगा एकमजली घरांनाच का? कारण ती घरं हलकी आहेत. माती वर ढकलते तो दाब आणि घर खाली दाबतं तो दाब, यात हलकं घर हरतं. चार मजली इमारत त्याच जमिनीवर पुष्कळदा टिकून जाते. म्हणून हा गरिबाच्या घराचा प्रश्न आहे, आणि मला तो म्हणूनच जवळचा वाटतो. आपल्या देशातल्या काळ्या मातीत ऋतूप्रमाणे होणारी हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत धरतात. तुमचे पाच फूट म्हणजे दीड मीटर. फुटिंग नेमकं हलणाऱ्या थरात बसलंय. यावर रुरकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेनं अंडर-रीम्ड पाईल आणली. खाली फुगवटा असलेली पाईल न हलणाऱ्या थरात नेऊन अडकवायची. आयएस २९११ या भारतीय मानकाचा भाग ३ तिच्यावरच आहे, साईटवर असतानाच वाचून काढ.

दुसरा उपाय तर तुझ्या साईटच्या जवळच झाला. मलप्रभेचे कालवे काळ्या मातीतून नेताना अस्तर उखडत होतं. आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर मध्ये घालायचा उपाय मांडला. त्याला सीएनएस थर म्हणतात. तो थर त्या कामात वापरला गेला आणि आज देशभरच्या अभ्यासक्रमात आहे. सौंदत्तीला मलप्रभेवरचं नविलतीर्थ धरण बघायला सगळे जातात. तू एकदा कालव्याच्या कडेनं चालून ये.

आता अभ्यासाबद्दल. बी.ई.ला लॅबमध्ये पाच जणांचा गट, एक जण चाचणी करतो, चार जण रीडिंग उतरवून घेतात. एम.टेक.ला नमुना तू बनवायचा, मशीन तू लावायचं आणि बिघडला की पुन्हा तूच बनवायचा. माती भाराखाली किती दबते ते मोजणाऱ्या ईडोमीटरला एक भार ठेवला की बहुधा चोवीस तास थांबायचं, मग पुढचा भार. मातीची ताकद मोजणाऱ्या ट्रायॲक्सियलमध्ये चिकणमातीचा नमुना नीट भिजायलाच दिवस जातात. धीर नसेल तर ही शाखा माणसाला खाते. पण मृदा यांत्रिकीचा जनक टर्झाघीनं १९२५ साली मांडलेली गोष्ट, की मातीची ताकद एकूण भारावर नाही तर कणाकणांतल्या दाबावर ठरते, ती स्वतःच्या नमुन्यात डायलवर दिसली की पुढं कुठलाही खड्डा बघताना नजर बदलते.

प्रबंधाबद्दल एक कळकळीनं सांगते. आपल्याकडं साखर कारखाने भरपूर, त्यामुळे काळ्या मातीत बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख मिसळायची, इतकी टक्के घातली तर सीबीआर (मातीच्या ताकदीचा आकडा) इतका वाढला, असे प्रबंध कपाटं भरून आहेत. त्यात आणखी एक घालू नकोस. ती आजी सांगते ती भेग वर्षभर मोज. भिंतीवर खुणा कर, दर महिन्याला वेगवेगळ्या खोलीची ओल काढ, आणि दोन्ही एकत्र मांड. त्याला मशीन फारसं लागत नाही, चिकाटी लागते. आणि ते काम बैलहोंगलच्या माणसाच्या उपयोगाचं असेल.

नोकरीचं वर सळई_सेंट्रिंग यांनी लिहिलंय ते खरं आहे. जागा कमी आहेत आणि सुरुवातीला पगार स्ट्रक्चरवाल्यांपेक्षा कमी मिळतो. बोअरिंगच्या जागी दिवसभर उन्हात उभं राहावं लागतं, जवळपास बाईमाणसाला आडोसा नसतो, आणि रिगवाला पहिले काही दिवस तुझं ऐकत नाही. एसपीटीचे, म्हणजे बोअरमध्ये हातोड्यानं नळी ठोकून माती तपासतात त्या चाचणीचे ठोके तू स्वतः मोजायला लागलीस की ऐकायला लागतो. मी हे काम सोडायचा विचार कधी केला नाही. जमिनीखाली काय आहे हे त्या गावात सगळ्यांत आधी आपल्याला कळतं, त्याची गोडी वेगळी आहे.

पैशांचं: गेट द्यायचीच. एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्य संस्थेत गेटच्या गुणांवर पूर्णवेळ प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन असतं, दोन वर्षं. पीजीसीईटीनं प्रवेश मिळेल, पण हे विद्यावेतन मिळत नाही. वडिलांसमोर हा आकडा ठेव. माझ्या घरी चर्चा तिथंच संपली होती.

---

वर्गातला_फळा (उद्यमबाग, बेळगाव)

मी शिकवतो, माझी शाखा स्ट्रक्चर. मुरूम_आणि_काळी यांचं बहुतेक पटतं, तरी माझ्या शाखेच्या बाजूनं थोडं.

ताई, तुम्ही जी भेग बघितलीत तिचा अर्धा प्रश्न मातीचा, अर्धा वरच्या बांधकामाचा. प्लिंथला (जोत्याला) आणि लिंटलला (दारं-खिडक्यांच्या वर) काँक्रीटचा अखंड बँड असता, कोपऱ्यांत सळई असती, तर तीच हालचाल त्या घरानं जास्त सोसली असती. स्ट्रक्चर म्हणजे उंच इमारतींची मॉडेलं एवढंच नाही. भूकंपासाठीच्या आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या यादीत बेळगाव झोन ३ मध्ये आहे. कोयनेचा १९६७ चा भूकंप आपल्या भागातल्या जुन्या माणसांना अजून आठवतो. किल्लारी तर १९९३ साली नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होती. दगडमातीच्या भिंतींच्या घरांवर करण्यासारखं काम अजून डोंगराएवढं आहे.

स्ट्रक्चरमध्ये एम.टेक. असल्याचा एक सरळ उपयोगही आहे. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ प्रमाणे स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून मान्यता घ्यायला पदवीनंतर तीन वर्षांचा अनुभव लागतो, पदव्युत्तर पदवी असेल तर दोन वर्षं पुरतात. शिकवायला यायचं तर एम.टेक. लागतंच, मग शाखा कुठलीही असो. मात्र एक विनंती. ईटॅब्स आणि स्टॅड ही डिझाईनची सॉफ्टवेअरं शिकण्यासाठी एम.टेक. करू नका. ते काही महिन्यांत क्लासमध्ये येतं. दोन वर्षं द्यायची ती डायनॅमिक्स आणि फायनाइट एलिमेंट आतून समजण्यासाठी.

आणि प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजची लॅब डोळ्यांनी बघून या. व्हीटीयू विद्यापीठाखाली कॉलेजं पुष्कळ आहेत. ट्रायॲक्सियल मशीनवर कव्हर घातलेलं आहे की शेजारी ओला नमुना पडलाय, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. एम.टेक.च्या मुलांना बाहेर गाठून विचारा, गाईड आठवड्यातून किती वेळा भेटतात. माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं.

---

वेदगंगा_काठ (निपाणी)

सांगलीच्या वालचंद कॉलेजचाही विचार करा. १९४७ चं कॉलेज, स्वायत्त आहे, आणि खानापूरहून मिरजेला रेल्वे थेट. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार असतो. गाव महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत असावं लागतं आणि तसा दाखला लागतो. त्या वर्षाची एम.ई./एम.टेक. प्रवेशाची नियमपुस्तिका नीट वाचा आणि दाखल्याच्या मागं आधीच लागा, शेवटच्या आठवड्यात कचेरीत तो मिळत नाही.

आमच्याकडं २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. त्यामुळे जलसंपदा शाखाही डोळ्यांसमोर ठेवा असं सुचवतो. आपल्या भागाला त्या माणसांची फार गरज आहे.

---

तांबडी_माती

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. वडिलांना विद्यावेतनाचं सांगितलं, ते म्हणाले, "मग फॉर्म कधी सुटतोय बघ."

दोन शंका राहिल्यात. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून. बी.ई. इंग्रजीतून निभावलं, पण गणिताची अजून धास्ती आहे. साईट सांभाळून गेटचा अभ्यास होईल का? आणि आत्ता, प्रवेशाआधी, त्या साईटच्या मातीचं मला काही करता येईल का?

---

मुरूम_आणि_काळी

होईल. गेट फेब्रुवारीत असते, अर्ज त्याच्या आधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात. गुण तीन वर्षं चालतात, म्हणजे एकदा दिलीस आणि घरची अडचण आली तरी ती वाया जात नाही. पेपर १०० गुणांचा, त्यात गणित १३ आणि सामान्य क्षमता १५. उरलेले ७२ सिव्हिलचे, आणि त्यातला कितीतरी भाग तू रोज साईटवर बघतेस. ज्या प्रश्नांत उत्तराचा आकडा टाइप करायचा असतो तिथं चुकलं तरी गुण कापत नाहीत, ते सोडून द्यायचे नाहीत. गणितासाठी बी.ई.चीच पुस्तकं काढ आणि पहाटेचा तास धर, संध्याकाळी साईटवरून आल्यावर डोकं चालत नाही. जिओटेकला पुढं लागणारं गणित पाण्याच्या आणि दाबाच्या चित्रातून समजतं. कन्सॉलिडेशनचं (भाराखाली पाणी निघून माती दबण्याचं) समीकरण भीतीचं वाटतं, पण भट्टी विझवल्यावर आतली वीट बाहेरच्या विटेनंतर का गार होते हे तुला माहीत आहे. समीकरण तेच आहे, फक्त उष्णतेच्या जागी पाण्याचा दाब.

मातीचं आत्ताच करता येईल. फुटिंगचा खड्डा उघडा असेल तेव्हा तळाची दोनेक किलो माती पिशवीत घे, खोली आणि तारीख लिहून ठेव. वाळव, कुट, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढ. शंभर मिलीचे दोन मोजपात्र घे, दोन्हींत दहा-दहा ग्रॅम माती टाक. एकात डिस्टिल्ड पाणी भर, दुसऱ्यात केरोसीन. हळू ढवळून अडकलेली हवा काढ आणि चोवीस तास हलवू नकोस. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, म्हणून ती तुलनेसाठी. पाण्यातल्या मातीच्या आकारमानातून केरोसीनमधलं वजा कर, केरोसीनमधल्यानं भाग, शंभरनं गुण. हीच फ्री स्वेल इंडेक्स, आयएस २७२० भाग ४०. आकडा पन्नासच्या वर गेला तर त्या पाच फुटांबद्दल तुझ्या साहेबांशी लेखी बोल, तोंडी नको.

मोजपात्र, चाळणी आणि केरोसीनसाठी वर्गातला_फळा सरांना विचार. ते बेळगावातच आहेत.

---

वर्गातला_फळा

शनिवारी दुपारी या, लॅब उघडी असते. मातीची पिशवी घट्ट बांधून आणा. खानापूरकडची एक पिशवीही आणा, दोन्ही एकदमच लावू.