फोल्डर 'चढवणे' म्हणजे नक्की काय चढवणे?

टीममधल्या नव्या पोरांसाठी मराठीत नोट लिहितोय, टर्मिनलवरून आरक्लोनने (कमांड देऊन फाइली क्लाउडवर टाकायचं साधन) फोल्डर ड्राइव्हवर कसे टाकायचे त्याची. अपलोडला 'चढवणे' लिहिलं तर एकजण म्हणे हे इंग्रजीवरून पाडलेलं वाटतं. तुम्हालाही वाटतं का? आणि सिंकला काय लिहू? 'समक्रमण' लिहायला हात धजत नाही.

---

पाडलेलं कसलं! सातबाऱ्यावर बोजा चढतो, वारसाचं नाव चढवतात आणि मग त्याचाच उतारा काढतात. फळ्यावरचं वहीत उतरवून घ्यायचो ते वेगळंच. ही चढवणे-उतरवण्याची जोडी तलाठ्याच्या दप्तरात कधीपासून नांदतेय. बोलताना मात्र मीपण 'टाक ना ड्राइव्हवर'च म्हणतो, चढव कोण म्हणतंय.

---

चढवणे राहू द्या हो, खरा घोळ 'फोल्डर' शब्दात आहे. 'फोटो' नावाच्या फोल्डरला आरक्लोन कॉपी लावलं की तिकडे 'फोटो' फोल्डर बनतच नाही, आतलं सगळं सुटं जाऊन पडतं. मी बहिणीच्या लग्नाचे फोटो असेच ड्राइव्हभर सांडले, विजेची बिलं, पॅनकार्डाचं स्कॅन आणि मधेच हळदीचे फोटो, अख्खा रविवार निवडत बसलो. तिकडच्या पत्त्यात शेवटी परत 'फोटो' लिहावं लागतं हे माहीतच नव्हतं. आरसिंक नावाच्या तसल्याच दुसऱ्या साधनात हेच इकडच्या पत्त्याच्या शेवटच्या तिरक्या रेघेवर ठरतं, रेघ दिली तर फक्त आतलं जातं, नाही दिली तर फोल्डरसकट. आता 'डबा दे' आणि 'डब्यातलं दे' यात आपल्याकडे लहान पोरगंही चुकत नाही, तेव्हा नोटेत सरळ 'फोल्डरमधलं चढवा' लिहा.

---

+१. आणि सिंकला 'जुळवणे' तर अजिबात नको, जुळवणे म्हटलं की वाटतं दोघांचंही थोडंथोडं राहील. आरक्लोनचं सिंक एकतर्फी, इकडे नसलेलं तिकडून उडवतं. कॉपी बिचारं तिकडचं जास्तीचं काही पुसत नाही, पण इकडे बदललेली फाइल तिकडच्या त्याच नावाच्या जुन्या फाइलीवर मात्र कॉपीतही बसते. ड्राय-रनला 'तालीम' चालेल, काय होणार ते नुसतं दाखवतं, हलवत काही नाही. आणि 'चेक'ला 'ताळा' लिहा की! दोन्हीकडच्या फाइलींचे साइझ आणि हॅश (फाइलीच्या आतल्या मजकुरावरून काढलेली खूण) पडताळतं ते, म्हणजे शाळेत गणित झाल्यावर करायचो तेच.

---

'ताळा' लगेच उचलला. 'तालीम' वाचून पोरं जोर काढतील, ते ड्राय-रनच राहू दे. सिंकपण सिंकच ठेवतो, फक्त पुढे कंसात ठळक: तिकडचं जास्तीचं पुसतं.