शब्दचर्चा : ‘न्यूजरीडर’, ‘पोस्ट’ आणि सांधणारी शेल स्क्रिप्ट

प्रश्न

एका संगणकविषयक मार्गदर्शिकेचा मराठी अनुवाद मी करीत आहे. ई-मेलचा प्रोग्राम आणि न्यूजरीडर हे दोन्ही शेल स्क्रिप्टच्या, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांच्या फाइलीच्या, साहाय्याने एकमेकांशी कसे जोडावेत, हा तिच्यातील एका प्रकरणाचा विषय आहे. मी ‘वृत्तनिवेदक’, ‘कवचसंहिता’ आणि ‘टपाली पाठवणे’ असे शब्द योजले होते. परंतु तपासणाऱ्यांनी तिन्हींखाली रेघ मारून मजकूर परत केला. हे शब्द नेमके कोठे चुकतात आणि त्यांच्या जागी काय लिहावे?

उत्तर

‘वृत्तनिवेदक’ हा शब्द ऐकताच बातम्या वाचून दाखवणारी व्यक्ती डोळ्यांसमोर उभी राहते, आणि येथे तर व्यक्तीही नाही व बातमीही नाही. टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या ड्यूक विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये यूजनेटची, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावरील चर्चागटांची, कल्पना मांडली, तेव्हापासून त्यावरील मजकुराला ‘न्यूज’ म्हणण्याचा प्रघात पडला. प्रत्यक्षात तेथे चालते ती विषयवार गटांमधील चर्चा. ‘वृत्तवाचक’ हा शब्द त्या मानाने जवळचा वाटतो, पण तो वाचणाऱ्याला वर्तमानपत्राचेच एखादे ॲप वाटेल. म्हणून माझे मत असे की, ‘न्यूजरीडर’ हा शब्द तसाच ठेवावा आणि तो प्रथम येईल तेथे ‘यूजनेटच्या चर्चागटांतील लेख वाचण्याचा व तेथे लेख लिहिण्याचा प्रोग्राम’ असा खुलासा द्यावा. टिन किंवा एसएलआरएन यांचे नाव उदाहरणादाखल दिले, तर जाणकाराला तेवढेच पुरेल.

‘कवच’ हा शब्द अर्थाने चुकीचा नाही. शेल हा वापरणारा आणि प्रणालीचा गाभा यांच्यामधील थर असतो. शेंगेचे टरफल आणि आतला दाणा यांच्यासारखे ते नाते आहे. पण मराठीत कवच रक्षणासाठी असते, आणि शेलचे मुख्य काम आज्ञा ऐकून ती आत पोहोचवण्याचे आहे. ‘संहिता’ म्हटल्यावर नाटकाची संहिता किंवा दंडसंहिता आठवते. दोन्ही मिळून तयार झालेला शब्द उलगडण्यासाठी वाचकाला मूळ इंग्रजी शब्दच आठवावा लागत असेल, तर त्या अनुवादाचा उपयोग काय? ‘शेल स्क्रिप्ट’ असेच लिहावे.

खरी अडचण ‘पोस्ट’ या शब्दाची आहे, आणि तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. आपल्याकडे पोस्ट म्हणजे टपाल. ‘पत्र पोस्टात टाकले’ या वाक्यात पत्र एका ठरावीक पत्त्यावर जाते. यूजनेटवर ‘पोस्ट करणे’ याचा अर्थ नेमका याच्या उलट आहे. तेथे मजकूर कोणा एकाकडे जात नाही; सूचनाफलकावर कागद लावावा तसा तो गटात लावला जातो आणि ज्याला वाचायचा तो वाचतो. एकच उत्तर गटातही लावले आणि मूळ लेखकाला मेलनेही पाठवले, तर मेलमध्ये तसे वर नमूद करण्याचा शिष्टाचार तेथे आहे. ती सूचना आपण ‘हे पोस्टही केले आहे आणि टपालीही पाठवले आहे’ अशी लिहिली, तर मराठी वाचकाला एकच क्रिया दोनदा सांगितल्यासारखी वाटेल. मेलसाठी ‘पाठवणे’ आणि गटासाठी ‘डकवणे’ अशी दोन क्रियापदे घेतली की घोटाळा मिटतो : ‘हे उत्तर गटातही डकवले आहे आणि आपल्यालाही पाठवले आहे.’ त्याच न्यायाने मेलमधला मजकूर ‘पत्र’ आणि गटातला ‘लेख’ असा भेद संपूर्ण प्रकरणात पाळावा.

हा भेद स्क्रिप्टच्या कामाचाच गाभा आहे. मट या मेल प्रोग्राममध्ये पत्र रवाना करण्यासाठी कोणता प्रोग्राम चालवायचा, हे सेटिंगमध्ये सांगता येते. तेथे नेहमीच्या सेंडमेलऐवजी आपली स्क्रिप्ट नेमली की, लिहून झालेले संपूर्ण पत्र तिच्या हाती येते. पत्राच्या माथ्यावर, म्हणजे मजकुराच्या वर असणाऱ्या विषय, पत्ता वगैरे ओळींमध्ये, ‘न्यूजग्रुप्स’ अशी ओळ असेल, तर स्क्रिप्ट ते आयन्यूज या आज्ञेकडे देते, म्हणजे ते गटात डकवले जाते. नसेल, तर सेंडमेलकडे देते आणि ते पत्र म्हणून जाते. एवढ्या छोट्या स्क्रिप्टने हे साधते, याचे कारण असे की यूजनेटच्या लेखाची रचना ठरवणारा १९८३ चा आरएफसी ८५० हा दस्तऐवज, आदल्याच वर्षीच्या आरएफसी ८२२ मधील ई-मेलच्या रचनेशी मेळ राखून लिहिलेला होता. वर माथ्याच्या ओळी, मग एक कोरी ओळ, मग मजकूर, ही ठेवण दोहोंकडे सारखीच आहे.

‘हेडर’साठी मी ‘माथा’ म्हणतो, कारण ‘शीर्षक’ हा शब्द विषयाच्या ओळीशी गोंधळ करतो. हा शब्द नेमका असण्याची गरज माझ्या स्वतःच्या एका चुकीतून मला पटली. माझी पहिली स्क्रिप्ट ‘न्यूजग्रुप्स’ ही ओळ संपूर्ण पत्रात शोधत असे. एका पत्राच्या मजकुरात मी कोणाच्या तरी लेखाचा माथा जसाच्या तसा उतरवला होता. स्क्रिप्टला ती ओळ तेथे सापडली आणि तिने खासगी पत्र आयन्यूजकडे सोपवले. खऱ्या माथ्यात गटाचे नाव नसल्याने आयन्यूजने ते नाकारले, हे माझे नशीब. तेव्हापासून मी अनुवादात ‘पत्रात शोधा’ असे कधीच लिहीत नाही. ‘पहिल्या कोऱ्या ओळीपर्यंतच्या माथ्यात शोधा’ असे पूर्ण लिहितो.

पुन्हा विचारणा

आपला खुलासा पटला. दोन शंका मात्र उरल्या आहेत. मूळ मजकुरात ‘फोल्ड केलेले हेडर’ असा प्रयोग वारंवार येतो. त्याला ‘दुमडलेला’ म्हणावे का? आणि ‘पाइप’साठी ‘नळी’ चालेल का?

उत्तर

‘दुमडलेला’ चालेल, पण ‘घडी घातलेली ओळ’ अधिक चांगले, कारण घडी पुढे उलगडायची असते आणि येथेही तेच घडते. माथ्यातील लांब ओळ पुढच्या ओळीवर नेताना त्या ओळीची सुरुवात मोकळ्या जागेने किंवा टॅबने करतात. ‘रेफरन्सेस’ या ओळीत आधीच्या लेखांची ओळखचिन्हे एकामागून एक येत असल्याने तिला बहुधा घडी पडते. स्क्रिप्टने तिची पहिलीच ओळ उचलली, तर पुढची चिन्हे गळतात. आपण ज्याला उत्तर देत असतो त्या लेखाचे चिन्ह सर्वांत शेवटी असते, म्हणून नेमके तेच हरवते आणि उत्तर भलत्याच ठिकाणी दिसू लागते. धागा तुटतो, हा आपला जुना वाक्प्रचार येथे शब्दशः लागू पडतो. आलेली पत्रे वर्गवार लावणाऱ्या प्रोकमेल या प्रोग्रामसोबत मिळणारी फॉरमेल ही आज्ञा योग्य पर्याय दिल्यास अशा ओळी उलगडून सलग करून देते. तेथे ‘उलगडणे’ हेच क्रियापद वापरावे.

‘नळी’ समजते, परंतु तिच्यासोबत क्रियापद कोणते घेणार? ‘पत्र स्क्रिप्टला पाइप करा’ हे मराठी नव्हे आणि ‘नळीने जोडा’ यात प्रवाहाची दिशा हरवते. बेल लॅब्जमधील डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये युनिक्स या संगणकप्रणालीत पाइप आला तो एका प्रोग्रामने बाहेर टाकलेला मजकूर थेट दुसऱ्याच्या आत जावा यासाठी. म्हणून ‘पत्र पाइपमधून स्क्रिप्टकडे सोडा’ असे लिहावे, जसे आपण पाटाचे पाणी शेतात सोडतो.

जाता जाता ‘जोडणे’विषयीही सांगतो, कारण आपल्या प्रश्नातच तो शब्द आहे. तो चूक नाही. पण वायर जोडली, नळ जोडला, खातेही जोडले, असा तो सर्वत्र वापरला जातो. दोन वेगळ्या वस्तू आपापल्या जागी तशाच राहून मधल्या सांध्यामुळे एकत्र काम करू लागतात, तेव्हा मराठीत ‘सांधणे’ म्हणतात. येथे मेलचा प्रोग्रामही बदलत नाही आणि न्यूजरीडरही. बदलतो तो फक्त मधला सांधा, म्हणजे स्क्रिप्ट. प्रकरणाचे नाव मी असे ठेवले असते : ‘ई-मेलचा प्रोग्राम आणि न्यूजरीडर शेल स्क्रिप्टने सांधणे’.