मदत हवी: एसएसडी (नवी वेगवान डिस्क) टाकल्यावर फेडोरा लिनक्स बूटच होत नाही. जुन्या बायोसचा (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्याच प्रोग्रॅमचा) सपोर्ट गेला काय?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात पाच संगणक आहेत. पुण्यात नोकरीला असलेल्या गावच्याच एका पोराने, कंपनीतून निघालेले, मिळवून दिले. चार कोअर टू ड्युओ, जी४१ चिपसेट, ४ जीबी रॅम. पाचवा पेंटियम ४, त्यावर डेबियन १२ (हेही लिनक्सच) ची ३२ बिट आवृत्ती. पोरं मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करतात, त्यामुळे दुपारी रांग असते.

गेल्या आठवड्यात एकात एसएसडी घातली आणि फेडोरा नव्याने टाकलं. इन्स्टॉल बिनतक्रार झालं. रीस्टार्ट केल्यावर मात्र 'बूट डिव्हाइस सापडत नाही'. तीनदा फॉरमॅट मारला, तेच. बेळगावातला दुरुस्तीवाला म्हणतो, "यूईएफआय नाही ना, आता सगळ्यांनीच बंद केलंय, बोर्ड बदला." (यूईएफआय म्हणजे बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत.) चार बोर्डांचे पैसे वाचनालयाकडे कुठले ओ? वर्गणीतून वर्तमानपत्रांचं बिल कसंबसं भागतं.

खरंच बंद केलंय का? की माझंच काही चुकतंय?

निपाणीकर:
बोर्ड बदलू नका! बंद करायचा प्रस्ताव होता, हे खरं. २०२२ च्या एप्रिलमध्ये, फेडोरा ३७ साठी. नवीन इन्स्टॉल फक्त यूईएफआयवर, जुनी चालू आहेत ती काही काळ चालू द्यायची, असा बेत. इंटेलने २०१७ मध्येच २०२० पर्यंत जुनं बूट काढणार म्हणून सांगितलं होतं, आणि दोन-दोन बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारे प्रोग्रॅम) सांभाळायला माणसं कमी. पण जुनी मशीनवाले आणि क्लाउडवाले दोघेही ओरडले, फेडोराच्या समितीने मंजुरी दिली नाही.

तुमची गोची वेगळी आहे. फेडोरा ३७ पासून बायोसवरसुद्धा डिस्कला जीपीटी (नव्या पद्धतीची) विभागणी आपोआप होते, पूर्वी एमबीआर (जुन्या पद्धतीची) व्हायची. काही जुन्या बायोसना 'ॲक्टिव्ह' खूण असलेलं पार्टिशन दिसल्याशिवाय ती डिस्क बूटची वाटतच नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू करा, पार्टेड या डिस्क विभागायच्या साधनात ती डिस्क उघडा (नाव दोनदा बघा, चुकून पेनड्राइव्हवर चालवाल!) आणि 'डिस्क_सेट पीएमबीआर_बूट ऑन' द्या. ती खूण लागते, डेटा जात नाही.

पाचव्याचा प्रश्न बायोसचा नाही, ३२ बिटचा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही (सिस्टीमचा गाभा) नाही. लोक या दोन गोष्टींची खिचडी करतात. टर्मिनलवर 'एलएससीपीयू' चालवून बघा, उशिराच्या काही पेंटियम ४ मध्ये ६४ बिट असतं.

वाचनालयवाला (धागाकर्ता):
झालं की ओ! एका ओळीत बूट झालं. उरलेल्या तिघांच्या एसएसडी आता बिनधास्त मागवतो. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो "असं पण असतंय काय" म्हणाला आणि ती ओळ लिहून घेतली.

पाचव्यावर 'एलएससीपीयू'त ३२ आणि ६४ बिट दोन्ही दिसतंय. म्हणजे इतकी वर्षं आम्हीच त्याला ३२ वर बसवून ठेवलं होतं. पण रॅम १ जीबीच आहे. नुसत्या टायपिंगला डेबियन १३ वर कुठला डेस्कटॉप झेपेल?

निपाणीकर:
एलएक्सक्यूटी, हलका डेस्कटॉप आहे. आणि ब्राउझर उघडू देऊ नका.